करंदीचा श्रावण

"दिली सुई," प्रमोद दाराबाहेरून म्हणाला. आवाजात असा थाट, की जणू गड सर करून आला होता.

मी मागच्या खोलीत चटईवर बसले होते. दार लोटलेलं होतं. पलीकडच्या पडवीत पहाटेपासून कोलंबी सोलणं चाललं होतं आणि त्या वासाने सगळ्या घराची महिनाभराची भूक एकदम जागी झाली होती.

"कुणी सांगितलं द्यायला?"

"अगं, तुझाच नियम ना? खाल्लं तर सुई, नाही खाल्लं तर नाही. आज वाटीभर कोलंबी खाल्लीय तिने. वर चिंबोरीचं मांस. म्हटलं, पोट तुडुंब आहे, देऊन टाकू. तुझं एक काम हलकं."

"किती दिलीस?"

"रोजची. चार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून दार उघडलं तसा प्रमोद दोन पावलं मागे सरकला. पितांबर नेसला होता. गौरीपूजनाचा दिवस, आणि मी बाजूला बसलेली. माझा स्पर्श झाला असता तर त्याला पुन्हा आंघोळ करावी लागली असती.

"मी पहाटे काय सांगितलं होतं? सुई देऊ नकोस, तिला माझ्याकडे आण, मी आधी साखर मोजते. सांगितलं होतं की नाही?"

"मी आंघोळ करून बसलोय, चारू. तुझ्या खोलीत कसा येऊ? आणि एवढं काय झालंय? सुई चुकली तर तू ओरडतेस, दिली तर ओरडतेस."

"करंदी कुठाय?"

"असेल इथेच कुठेतरी. झोपली असेल खाऊन."

करंदी म्हणजे आमची मांजर. लालसर पिवळी, सुकवलेल्या करंदीच्या रंगाची, म्हणून सासऱ्यांनी ते नाव ठेवलं होतं. रेवदंड्याच्या बाजारातून मासळीच्या पिशवीत घालून तिला त्यांनीच आणलं. ते गेले तेव्हा आम्ही पनवेलला राहत होतो. त्या वर्षी गणपतीला दोघा भावांपैकी कुणालाच येता आलं नव्हतं. फोन आला, हार्ट अटॅक म्हणून, आणि आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. सासूबाई एकट्या राहू नयेत म्हणून पुढे आम्ही इथेच बिऱ्हाड हलवलं. त्यानंतर वर्षभरात करंदी पाणी फार प्यायला लागली. खायची भरपूर आणि वाळत चालली होती. अलिबागच्या डॉक्टर वाळंजांनी रक्त तपासून सांगितलं, "माणसासारखीच साखर आहे हिला. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागेल. कोण देणार?"

कोण देणार! प्रमोदला रक्त बघून घेरी येते. सासूबाईंनी तर तोंडच फिरवलं. "मला सुया जमणार नाहीत," त्या म्हणाल्या. "बघितल्यात तेवढ्या पुरे झाल्या." मग राहिले मी. थोरले दीर, दिगंबरभाऊजी, ठाण्याहून फोनवर हसत सुटले होते. "मांजरीला डायबिटीस? आता उंदरांना बीपी होईल, मग त्यांच्याही गोळ्या आणा!" सगळ्या आळीत तो विनोद वर्षभर पुरला.

मी शिकले. कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त काढायचं, ते सासऱ्यांच्याच जुन्या साखर मोजायच्या यंत्रात घालायचं, आकडा बघून मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई द्यायची. करंदीने सुरुवातीला ओरबाडलं, मग ती स्वतःच कान पुढे करायला लागली. डॉक्टरांचं पथ्य सोपं होतं. भात नको, दूध नको, पोळी नको. मासे, अंडी, कोंबडी. रेवदंड्याला मासळी काय, घराबाहेर पाऊल टाकलं की मिळते. दोन युनिटवर ती छान स्थिरावली. अंगावर मांस आलं, केस चमकायला लागले.

आणि मग श्रावण लागला.

आमच्या घरी आषाढ संपला की माशाचं खवलंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. अंडंही नाही. थेट गौरीच्या दिवशी, गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो तेव्हाच मासळी पुन्हा घरात येते. माणसांनी हे पाळावं याला माझी ना नव्हती. पण मांजरीने?

"आई, तिला औषधासारखं आहे ते," मी सासूबाईंना म्हटलं होतं. "मी मागे वाडीत वेगळ्या भांड्यात शिजवीन."

"नाही."

"पण डॉक्टर—"

"डॉक्टर या घरचा नाही. दूधभात खाऊन कुठली मांजर मेली नाही आजवर. नियम म्हणजे नियम. एकाला सूट दिली की दुसरा तयारच असतो."

एकदा मी चोरून शेजारच्यांच्या वाडीत नेऊन तिला बांगडा चारला. सासूबाईंनी माझ्या हाताचा वास घेतला आणि दोन दिवस माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. प्रमोदचं ठरलेलं पालुपद होतं, "आईचं वय बघ, चारू." आईचं वय मला दिसत होतं. करंदीच्या साखरेचा आकडा फक्त मला एकटीला दिसत होता आणि तो रोज चढत होता. शेवटी डॉक्टरांनी फोनवर इन्सुलिन वाढवायला सांगितलं. थोडं थोडं करत चार युनिटपर्यंत गेलो. तेव्हाच ते म्हणाले होते, "ताई, एक लक्षात ठेवा. हे औषध भाताची साखर मारायला वाढवलंय. ज्या दिवशी भात बंद होऊन मासळी सुरू होईल, त्या दिवशी आधी मोजा आणि एकदम खाली या. नाहीतर औषध तिच्या अंगातली उरलीसुरली साखर खाऊन टाकेल. आचके येतील. जीवही जाईल."

हे मी घरात सगळ्यांना सांगितलं. जेवताना सांगितलं, चहाला सांगितलं. गाढवापुढे वाचली गीता.

गौरीच्या दिवशीची सकाळ मीच सांभाळणार होते. पण पहाटे उठले आणि पाळी आलेली. एरवी आमच्याकडे कुणी विचारतही नाही, पण गणपतीत मात्र सगळं जुनं बाड बाहेर निघतं. सासूबाईंनी माझ्याकडे नखशिखांत बघितलं. "गोळी नाही घेतलीस? तुझ्या जावेने बघ, ठाण्याहूनच घेऊन आलीय." गेल्या वर्षी त्या गोळीने मला तीन दिवस उलट्या झाल्या होत्या, हे त्यांनी स्वतः बघितलेलं. पण बोलून उपयोग नव्हता. चटई, तांब्या आणि मी, असं तिघांना मागच्या खोलीत बसवण्यात आलं. आमच्या सोबतीला करंदी येऊन माझ्या मांडीवर बसली, तिथून उठली आणि सरळ देवाच्या खोलीत गेली. तिला कुणी हटकलं नाही. मांजराला विटाळ नसतो म्हणतात.

"प्रमोद," मी दारातून म्हटलं, "हे बघ, तुला हात जोडते. ती जिथे असेल तिथून तिला शोध. दूधभात असेल तर भरव, साखरपाणी चाटव, काहीही गोड तिच्या पोटात जाऊ दे. दुपारपर्यंत ती कोसळणार आहे."

"गेले पाच आठवडे गोड नको, भात नको म्हणून डोकं खाल्लंस, आणि आज म्हणतेस गोड दे?"

"हो. म्हणते."

"बघतो," तो म्हणाला आणि गेला. त्याचं 'बघतो' मी दहा वर्षं ऐकत होते. पाठोपाठ बाहेरून भटजींची घंटा ऐकू आली, मग आरती, मग भटजी दक्षिणा घेऊन गेल्यावरची वर्दळ. प्रमोद काही आला नाही. मी सासूबाईंना हाक मारली. त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या, हात पिठाचे.

"आई, करंदीला जास्तीची सुई गेलीय. तिला शोधा हो कुणीतरी."

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. त्या वेळी मला वाटलं, कंटाळा. "वडे तळायचेत अजून," त्या म्हणाल्या. "नैवेद्य झाला की बघू."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, वाट बघू नका, सापडली की हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळा. घशात ओतू नका, नुसता चोळा. खोलीत माझ्याकडे पाण्याच्या तांब्याशिवाय काही नव्हतं. साखर स्वयंपाकघरात, मध देवाच्या खोलीत. माझ्याच घरात मला चमचाभर साखर घ्यायची बंदी होती.

मी मागच्या दाराने वाडीत उतरले. पोफळींमधून, पंपाच्या खोलीतून, लाकडांच्या ढिगामागे हाका मारत फिरले. ती नव्हती. मग राग इतका अनावर झाला की घराला वळसा घालून मी सरळ पुढच्या अंगणात आले आणि ओटीच्या पायरीवर उभी राहिले. तिथून देवाची खोली समोर दिसते.

नैवेद्याची वेळ झाली होती. आमच्याकडे त्याची एक रीत आहे. गौर मासळी खाते, गणपती खात नाही. मग गौरीला ताट दाखवताना गणपतीला ते दिसू नये म्हणून दोघांच्या मध्ये पडदा धरतात. सासूबाईंचा जुना रेशमी शेला त्यासाठीच ठेवलेला असे. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं प्रमोदच्या. पडद्याच्या एका बाजूला मखरात गणपती, पुढे मोदकांचं ताट आणि सकाळच्या पंचामृताच्या वाट्या. दुसऱ्या बाजूला तेरड्याची गौर, हिरव्या साडीतली, मुखवटा लावलेली. तिच्यापुढे भाऊजी कोलंबीच्या कालवणाचं आणि चिंबोऱ्यांचं ताट घेऊन वाकलेले.

तेवढ्यात गौरीच्या साडीच्या निऱ्या हलल्या आणि आतून करंदी बाहेर आली. इतका वेळ ती तिथे गौरीच्या पायाशी झोपली होती. मासळीच्या वासाने उठली असावी. दोन पावलं ताटाकडे टाकली आणि तिचे मागचे पाय गळपटले. ती पुन्हा उठली, दारुड्यासारखी तिरपी गेली आणि भाऊजींच्या पायावर आडवी झाली. तोंडातून लाळ गळायला लागली. मग तिच्या अंगाला आचके यायला लागले.

"अरे, हिला काय झालं? काढा हिला इथून," भाऊजी ओरडले.

"तिची साखर उतरलीय!" मी पायरीवरूनच ओरडले. "मध द्या! तो मध, गणपतीपुढचा! प्रमोद, वाटी दे!"

प्रमोद एका हाताने शेला धरून माझ्याकडे आणि भाऊजींकडे आळीपाळीने बघत राहिला. मी उंबऱ्यापर्यंत आले.

"तिथेच थांब, चारुलता," भाऊजी म्हणाले. वर्षातून पाच दिवस येतात, पण त्या पाच दिवसांत घर त्यांचं असतं. "आत पाऊल टाकू नकोस. आज गौर बसलीय घरात."

"ती मरतेय, भाऊजी."

"नैवेद्य व्हायचाय अजून. देवापुढची वस्तू अशी मध्येच उचलतात का? दहा मिनिटं थांब. नैवेद्य होऊ दे, मग काय करायचं ते कर. दहा मिनिटांनी काय आकाश कोसळतंय?"

आणि पडदा पडला.

प्रमोदच्या हातातून नव्हे. सासूबाईंनी त्यांचं टोक सोडलं. शेला कोलंबीच्या कालवणात पडला. मखरातला गणपती आणि तिखटाचं ताट समोरासमोर आले. थोरल्या जाऊबाईंनी तोंडावर हात घेतला. सासूबाईंनी कुणाकडेही बघितलं नाही. त्या वळल्या, गणपतीपुढची मधाची वाटी उचलली, करंदीला एका हाताने कुशीत घेतलं आणि चालत उंबऱ्यापर्यंत आल्या. वाटी माझ्या हातात दिली. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली आणि तशीच राहिली.

"लवकर," त्या म्हणाल्या.

मी तिथेच उंबऱ्यावर फतकल मारून बसले. करंदीला मांडीवर घेतलं, ओठ वर करून बोटाने हिरड्यांना मध चोळला. तिचे डोळे उघडे होते पण कुठेच बघत नव्हते. पुन्हा चोळला. माझ्या बोटाला तिचे दात लागले, रक्त आलं. मागे भाऊजी बोलत होते. घर बाटलं, देव बाटला, आता शुद्धी करावी लागणार, आईला वयाने भ्रम झालाय आणि हिला शिक्षणाने.

"भाऊजी," मी मान न वळवता म्हटलं, "आणखी एक शब्द बोललात ना, तर ह्या रक्ताच्या आणि मधाच्या हाताने येऊन तुमचं तोंड बंद करीन."

मागे भाऊजींनी हातातलं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. प्रमोद मध्ये पडेल असं नव्हतंच, तो कधी पडला होता?

हळूहळू आचके थांबले. मग करंदीने जीभ बाहेर काढून माझं बोट चाटलं, एकदा, मग पुन्हा. मान उचलली. माझ्याकडे बघितलं, आणि ह्या वेळी खरंच माझ्याकडे बघितलं. मी तिला छातीशी धरून घराला वळसा घालून मागच्या खोलीत आणलं.

पाठोपाठ सासूबाई आल्या. हातात दूधभाताची वाटी. ज्या दूधभातावरून मी पाच आठवडे त्यांच्याशी भांडले होते, तोच आता तिला हवा होता. त्या माझ्या चटईवर, माझ्या शेजारी बसल्या. करंदी वाटीत तोंड घालून खायला लागली. बाहेर भाऊजी कुणाला तरी गोमूत्र आणायला पाठवत होते.

"दहा मिनिटं म्हणाला ना दिगू," सासूबाई म्हणाल्या.

मी करंदीच्या मिशांना लागलेला मध पुसला.

"मीही तेच म्हणाले होते."

"कुणाला?"

"ह्यांना."

त्या करंदीकडे बघत होत्या. "त्या वर्षी भटजींना यायला फार उशीर झाला. आधी चार घरं होती त्यांना. ह्यांनी सकाळी सुई घेतलेली. नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, ते स्वतःच पाळायचे. दुपार झाली. मी वडे तळत होते. हे दारात आले, घामाने भिजलेले, बोलणं जड. म्हणाले, काहीतरी गोड दे गं, मला कसंतरी होतंय. मोदकांचं ताट तिथेच होतं, चारू. मी हात लांब केला असता तर पोचला असता. मी म्हटलं, भटजी आलेच, दहा मिनिटं कळ काढा, नैवेद्य होऊ दे. ते बरं म्हणाले आणि इथे, ह्याच खोलीत येऊन पडले. नैवेद्य झाल्यावर मी ताट घेऊन आले तर हे असेच आचके देत होते. मला कळेना काय होतंय. डॉक्टर येईपर्यंत संपलं. डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लं होतं? मी काही बोलले नाही. त्यांनी अटॅक लिहिला."

मला गलबलून यायला हवं होतं. शहाण्या सुनेला आलं असतं. मला आला राग, असा की कानशिलं तापली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं. "मी इतके दिवस त्यांच्याच यंत्रावर हिची साखर मोजतेय, तुमच्या डोळ्यांदेखत. चढली तर काय होतं, उतरली तर काय होतं, घसा कोरडा करून सांगतेय. आणि तुम्हाला सगळं ठाऊक असताना तुम्ही तिला दूधभात कालवून घालत होतात? मघाशी मी हाका मारल्या तेव्हा वडे तळायचेत म्हणालात? का, आई? का नाही येऊ दिलीत मासळी?"

"कशी येऊ देणार?" त्यांचा आवाज एकदम चढला. त्यांना असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मांजरीच्या जिवासाठी नियम मोडला असता, तर मोडता येतो असं झालं असतं ना! मग त्या दिवशी का नाही मोडला? मांजरीसाठी मोडला आणि नवऱ्यासाठी नाही? कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मी? नियम मोडताच येत नाही, एवढं एकच माझ्या हातात होतं. ते धरून बसले होते. आज तेही सुटलं."

करंदीने वाटी चाटून लख्ख केली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. माझा राग गेला नव्हता. तो कुणावर काढावा, तेवढंच कळेनासं झालं होतं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी सुई द्यायला मनाई केली. रात्री मी दोनदा उठून मोजलं. दोन्ही वेळा दिवा सासूबाईंनी धरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन. उत्तरपूजेला सगळे जमले. मीही देवाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. काल एवढं झाल्यावर मला अडवायची हिंमत कुणी केली नाही. भाऊजींनी सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या, मला सोडून. गणपतीपुढे हात जोडले आणि सुरुवात केली.

"देवा गणराया, काल या घरातल्या बायकांकडून तुझी मोठी अवहेलना झाली. अजाणतेपणी झाली असं समज. चूक पोटात घाल, आमच्या घरावर रोष धरू नकोस." मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "आई, अक्षता वाह आणि क्षमा माग. चारूच्या वतीनेही माग."

मी तोंड उघडणार होते. जिभेवर चांगले चारचौघांत न सांगण्यासारखे शब्द आले होते. पण त्याआधी सासूबाईंनी मूठ उघडली आणि अक्षता परत ताटात टाकल्या.

"अजाणतेपणी काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "पडदा मी सोडला. जाणूनबुजून."

"आई!"

"आणि चूक झाली होती ती काल नाही झाली. आधीच झाली होती. ह्याच्यासमोर झाली, ह्याच्या नैवेद्यासाठी झाली. हा इथेच बसला होता, मोदकांचं ताट पुढ्यात घेऊन. माझं माणूस दारात उभं राहून गोड मागत होतं, आणि ह्याने एक मोदक खाली पडू दिला नाही." त्या मूर्तीकडे बघत होत्या, अगदी उभ्या माणसाकडे बघावं तसं. "मी नाही मागणार क्षमा. मागायची असेल तर ह्याने माझी मागावी."

भाऊजी म्हणाले, "कुठली चूक? कधीची? ही काय बोलतेय?" प्रमोदने माझ्याकडे बघितलं. सांगायचं ते त्यांनी सांगितलं होतं आणि ज्याला सांगायचं त्याला सांगितलं होतं.

सासूबाई माझ्या अंगावरून आत गेल्या. स्वयंपाकघरात फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग ताटलीचा. करंदी शेपटी वर करून धावत गेली. बाहेर भाऊजींनी एकट्यानेच अक्षता वाहिल्या आणि मोठ्याने "मोरया" म्हणाले, पण त्याला जोर नव्हता.

मी आत गेले तेव्हा सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. करंदी सुरमईचा तुकडा खात होती. यंत्र, पट्ट्या, इन्सुलिनची बाटली, सगळं त्यांनी पाटावर काढून ठेवलं होतं. मी करंदीचा कान टोचून थेंब घेतला. आकडा आला. डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं त्याच्याशी ताडून बघितला.

"किती द्यायची?" त्यांनी विचारलं.

"एक."

त्यांनी हात पुढे केला. मी सुई भरून त्यांच्या हातात दिली. त्यांनी करंदीच्या मानेची कातडी बरोबर चिमटीत धरली.

"खाऊ दे आधी," त्या म्हणाल्या. "पोटभर खाऊ दे तिला."